आलं का?

टीव्हीवर मुंग्या दिसतात अशा दहा तक्रारी आल्या, तर त्यातल्या सात वायरच्या असतात. दोन अँटेनाच्या, आणि एक घरातल्याच कुणीतरी झाडलोट करताना मागची पिन ओढून पुन्हा नीट न बसवल्याची. मी हे काम इतकी वर्षं केलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी कुठल्या मुंग्या कशाच्या, ते सांगेन. त्यामुळे वहिनींचा दुकानात फोन आला आणि त्या म्हणाल्या की आईंच्या टीव्हीवर चित्र टिकत नाही, तेव्हा माझ्या मनात वायरच आली. लगेच दुसरी गोष्ट आली ती ही, की आता तिकडे जावं लागणार.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दादाला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आई आणि वहिनी आमच्या जुन्याच घरी राहायच्या, नदीपलीकडे. मी अलीकडे, दुकानामागच्या खोलीत. सायकलवर वीस मिनिटांचं अंतर, पण मी दोन-दोन महिने तिकडे फिरकायचो नाही. गेलोच तर दारात उभा राहून बोलायचो आणि कामाची घाई सांगायचो. आई म्हणायची, "घोड्यावरून उतरलास तरी चालेल." मी हसायचो आणि निघायचो.

दुकान आम्ही दोघांनी मिळून काढलं होतं. अँटेना बसवायला दोन माणसं लागतात, हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. एक वर चढून दांडा फिरवणार, दुसरा खाली टीव्हीसमोर उभा राहून ओरडणार. वरचा विचारतो, आलं का? खालचा सांगतो, नाही, थोडं डावीकडे, अजून थोडं, गेलं गेलं, मागे घे, हां, आलं, बस. यावरून घरोघरी नवरा-बायकोची भांडणं व्हायची. आमचं कधी झालं नाही. दादा वर, मी खाली, हे ठरलेलंच. तो कठड्यावरून मांजरासारखा चालायचा. मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतूनसुद्धा वाकून पाहायचो नाही.

एका तिमजली इमारतीच्या गच्चीवरून तो पडला. मी गच्चीच्या बरोबर खालच्या खोलीत टीव्हीसमोर होतो. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आणि पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला तेच सांगत आलो: चित्र आलं, मी 'आलं, उतर' म्हणालो, तो उतरायला वळला आणि त्याचा पाय घसरला.

त्यानंतर मी एकट्याने काम करायला लागलो. सिग्नल मोजायचा मीटर घेतला. तो गळ्यात अडकवून, खाली न बघता मीच वर चढायचो, काटा बघायचो, नट आवळायचो, उतरायचो. खाली टीव्हीसमोर कुणाला उभं करायचो नाही. गिऱ्हाईक हौसेने म्हणायचं, "मी सांगतो ना बघून." मी म्हणायचो, राहू द्या, मीटर खोटं बोलत नाही. हळूहळू लोकांनी माझं नावच मीटर पाडलं.

जुनं घर लाकडाच्या वखारीमागे, गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, वर पत्रे. दिवसभर करवतीचा आवाज आणि भुशाचा वास. मागच्या खोलीत आईची खाट. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. पायथ्याशी स्टुलावर टीव्ही, कोपऱ्यात लोखंडी कपाट, आणि त्या कोपऱ्याच्या भिंतीला बाहेरून जखडलेला अँटेनाचा खांब, पत्र्यांच्या वर पुरुषभर गेलेला. तो दादानेच बसवला होता.

वहिनी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. अर्धा दिवस तिथे, उरलेलं काम घरी. दार त्यांनी उघडलं तेव्हा तांबडी पेन्सिल कानामागे खोचलेली होती. "या भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

आई म्हणाली, चित्र खराब असतं तर तिने कुरकुर केली नसती, पडद्यावर अर्धी माणसं दिसली तरी तिला चालतं. पण हे खराब नाही. येतं, जातं, परत येतं. मी म्हटलं, त्यालाच लूज कनेक्शन म्हणतात. शिडी लावून वर गेलो. वायर जिथे अँटेनाला जोडतात तिथल्या डबीत पाणी शिरलं होतं आणि तांब्यावर हिरवा गंज चढला होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. डबी बदलली, अँटेना टेकडीवरच्या प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे नीट धरली, मीटरचा काटा सातावर आला. आमच्या भागात सात म्हणजे उत्तम. चहा न घेता निघालो.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी मी वायरच वरपासून खालपर्यंत नवीन टाकली. वर गेलो तेव्हा एक गोष्ट दिसली: अँटेनाचं तोंड मनोऱ्यापासून चार बोटं सरकलेलं होतं. गेल्या खेपेला आपलाच नट सैल राहिला असणार, दुसरं काय. तोंड पुन्हा सरळ केलं, पाना लावून हाताला कळ लागेपर्यंत आवळलं. मग नट, पट्टी आणि खांब तिन्हींवरून जाईल अशी तांबड्या रंगाची एक रेघ ओढली. भिंतीतल्या दोन पकडींवरही तशाच ओढल्या. धंद्यातली साधी युक्ती आहे ही. काहीही केसभर जरी हललं तरी रेघ तुटते, आणि कुठे हललं ते कळतं.

चौथ्या दिवशी फोन आला.

वर गेलो. अँटेना आठ बोटं फिरलेली होती. टोक वखारीच्या धुराड्याकडे. मी खाली बसून नटावरची रेघ पाहिली. अखंड होती. पकडींवरच्या पाहिल्या, त्याही अखंड. बोट फिरवून पाहिलं, रंग कुठे तडकलेला नाही. दोन्ही हातांनी अँटेना धरून जोर लावला, खांब वाकेल असं वाटलं, पण ती जागची हलली नाही.

मग नट सोडवला. रेघ तुटली. अँटेना सरळ केली, नट आवळला, नवीन रेघ ओढली, तीन बाजूंनी तारांचा ताण दिला आणि खाली आलो. वहिनींना म्हणालो, कुणीतरी वर चढतंय. चढायला दुसरी वाट नव्हती. शिडी घराच्या बोळात पडलेली असायची, कुणीही लावावी. ती मी सायकलला बांधून सोबत घेतली.

जाताना वखारीच्या राखणदाराला विचारलं. दिवसभर फाटकापाशी खुर्ची टाकून बसणारा माणूस, आमच्या छपरासमोरच. मी म्हटलं, आमच्या घरावर कुणी चढताना दिसतं का?

"तुमच्याशिवाय कोण चढणार," तो म्हणाला.

मी म्हटलं, माझं सोडा, इतर कुणी.

"इतर कुणी नाही. तुम्हीच असता रोज चार-साडेचारला. परवा मी हात केला, तर तुम्ही बघितलंसुद्धा नाही. कामात होता."

त्याच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती. ती काच आणि ते अंतर मी मनातल्या मनात मोजत राहिलो. लहानपणापासून लोक दादाला आणि मला पाठमोरं पाहून चुकायचे, हे मला पूल ओलांडेपर्यंत आठवलं नाही. आठवल्यावर मी सायकलवरून उतरलो आणि दुकानापर्यंत चालत गेलो.

शिडी दुकानात, कुलपात. तरी तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाल्या, "भाऊजी, या वेळी वर चढू नका. खाली बसा आणि बघा. रविवारी वखार बंद असते. चारच्या आत या."

मला कामं होती. रविवारी तर कामंच कामं. मी येतो म्हणालो आणि शनिवारभर न जाण्याची कारणं शोधली. एकही धड सापडलं नाही, कारण माझ्या मनात जे होतं ते कारण म्हणून सांगता येण्यासारखं नव्हतं. वर कुणीतरी अँटेना फिरवत असताना खाली टीव्हीसमोर बसायचं, हे मी नऊ वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

रविवारी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. करवत बंद असल्यामुळे गल्ली ओळखू येत नव्हती. आईने स्वतःला उशीला टेकवून बसवून घेतलं होतं. वहिनी खिडकीशी मुद्रितांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. माझ्यासाठी टीव्हीसमोर खुर्ची ठेवलेली होती. टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम लागला होता. एक जाडसा माणूस फांदीला तिरका छेद देऊन कलम कसं करायचं ते दाखवत होता. चित्र लख्ख होतं. त्याच्या नखांतली माती दिसत होती.

सव्वाचार वाजता त्याच्या चेहऱ्याला शेजारी दुसरी कड फुटली.

मग मुंग्या आल्या. आवाज खरखरला. मी छताकडे कान लावला. पत्र्यावर पाऊल पडलं तर सगळं घर वाजतं. काही वाजलं नाही. पडद्यावर मात्र माणूस पार पुसला गेला, मग सावकाश परत यायला लागला. आला, थोडा पुढे गेला, पुन्हा मागे आला. आणि अगदी शेवटी, चित्र जवळजवळ लागलेलं असताना, दोन बारीक झटके.

नुसत्या अक्षरावरून पत्र कुणाचं ते ओळखावं, तसं झालं. दादाची पद्धत तीच होती. आधी दांडा उजवीकडे हवा त्यापेक्षा जास्त न्यायचा, मग हळूहळू डावीकडे आणायचा, थोडा पुढे जाऊन मागे यायचा, आणि शेवटी मनगटाने दोन झटके. मी त्याला कितीदा म्हटलं असेल, सरळ का नाही आणत? तो म्हणायचा, लांब गेल्याशिवाय जवळ कुठे आहे ते कळत नाही.

चित्र लागलं. नखांतली माती पुन्हा दिसायला लागली.

चित्र थांबून होतं. हलत्या चित्राला थांबून आहे म्हणणं मूर्खपणाचं आहे, पण मला दुसरा शब्द सापडत नाही. मिनिटभर तसंच गेलं. मग पुन्हा कड फुटली, मुंग्या आल्या, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

"पाच-सहा वेळा होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी एका जुन्या मुद्रिताच्या समासात वेळा लिहून ठेवल्या होत्या, तारीखवार, बारीक अक्षरात. "प्रत्येक वेळी चित्र लागतं. मिनिटभर थांबतं. मग जातं. अंधारून आलं की बंद."

मी म्हटलं, टेकडीवरच्या मनोऱ्याचं काही असेल. दुपारी हवा तापते, लहरी वाकतात, असं होतं कधीकधी. मी बोलत राहिलो. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"मी एकदा 'आलं' म्हणून पाहिलं," त्या म्हणाल्या. "आईंनीही म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. आमचं ऐकायला कुणी उभं नसावं."

आईने डोळे मिटले होते. ती झोपलेली नव्हती.

वहिनींनी पेन्सिल कानामागून काढली आणि मांडीवरच्या कागदावर आडवी ठेवली. "भाऊजी, त्या दिवशीचं तुम्ही मला सांगितलंत. आईंना सांगितलंत. चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलंत तेव्हा मी दाराआड होते. वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांना सांगितलंत. 'चित्र आलं, मी आलं, उतर म्हणालो, तो उतरायला वळला आणि त्याचा पाय घसरला.' दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. माझा धंदाच तो आहे. माणूस आठवून सांगतो तेव्हा शब्द थोडे इकडचे तिकडे होतात. पाठ केलेलं असलं की होत नाहीत."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी उठून गेलो असतो.

"मी नऊ वर्षं विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आता ते स्वतःच विचारतायत."

मी सांगितलं. ते आता पहिल्यांदाच सांगत होतो, त्यामुळे शब्द सापडत नव्हते आणि क्रमही लागत नव्हता. सांगितलं ते असं.

त्या तिमजली घरात टीव्ही नवा कोरा होता, रंगीत. घरची माणसं आतल्या खोलीत होती. दादा वर दांडा फिरवत होता आणि पडद्यावर मुंग्यांच्या आत काही रंगीत ठिपके गोल फिरत होते. मग चित्र लागलं. लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत होती, शेवटची फेरी. घंटा वाजली आणि चौघं जण एकमेकांना चिकटून पळत होते. मी रंगीत टीव्हीवर शर्यत कधी पाहिली नव्हती. वरून हाक आली, आलं का? मी उत्तर दिलं नाही. आलं म्हटलं असतं तर अँटेना आवळायला त्याला पाना द्यायला मला वर जावं लागलं असतं. एवढी फेरी बघू, एवढाच विचार होता. जेमतेम मिनिटाची गोष्ट. दुसरी हाक आली. मी हाताने, थांब रे, असं केलं, जसं काही त्याला दिसणार होतं. तिसरी हाक आली. त्याला वाटलं असणार, ऐकू जात नाही. तो कठड्याशी आला. चौथी हाक अगदी जवळून आली, खिडकीच्या वरूनच, वाकून मारल्यासारखी.

मग खिडकीवरून काहीतरी खाली गेलं. उजेड क्षणभर झाकला आणि पुन्हा आला.

मी एवढ्यावर थांबलो. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. टीव्हीवर मुंग्या होत्या आणि मुंग्यांतून तो कलमवाला माणूस हळूहळू वर येत होता.

आईने डोळे न उघडता विचारलं, "कोण जिंकलं?"

मला आधी कळलंच नाही.

"शर्यत कोण जिंकलं?"

खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही म्हणालो असतो तर कोण तपासणार होतं? पण माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, हिरव्या बनियनवाला. सगळ्यांच्या मागे होता. शेवटच्या वळणावर बाहेरून आला आणि पुढे गेला.

"म्हणजे पाहिलंस शेवटपर्यंत."

मी हो म्हणालो. मी खिडकीकडे धावलो ते त्याने फीत तोडल्यावर. चार सेकंद असतील, पाच असतील. तेवढी मी पाहत होतो.

आईने पांघरुणावरचा एक दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

दोन बारीक झटके. चित्र लागलं.

तो माणूस कलमाच्या सांध्याला पट्टी गुंडाळत होता आणि सांगत होता, घट्ट बांधा, पण आवळू नका.

"सांग आता त्याला," आई म्हणाली.

पहिल्या खेपेला माझ्या तोंडातून नुसती हवा निघाली. दुसऱ्या खेपेला मी मान वर करून, पत्र्यांकडे बघून म्हणालो, "आलं."

मग मोठ्याने. "आलं, दादा. बस."

मिनिट गेलं. चित्र हललं नाही.

दोन मिनिटं गेली. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पेन्सिल त्यांच्या हातात होती, पण त्यांनी काही लिहिलं नाही. कार्यक्रम संपला. दुसरा सुरू झाला. पाच वाजले. चित्र तसंच, लख्ख.

"उतर म्हण," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. आता तिचे डोळे उघडे होते.

"नुसतं आलं म्हणालास. उन्हात उभं केलंस त्याला. उतर म्हण."

मी तोंड उघडलं. शिडी माझ्या दुकानात कुलपात होती. तो कुठून उतरेल, हा विचार आधी आला. मग दुसरा आला. तिमजली घराखाली, फरशीवर, त्याला मी पाहिलं होतं. वहिनींना पाहू दिलं नव्हतं. तो कसा उतरेल?

मी तोंड मिटलं.

आईने तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. तिने मान भिंतीकडे वळवली. मी उठलो, चपला घातल्या, बोळातून सायकल काढली. छपराकडे बघायचं नाही असं ठरवून मान खाली घालून चालत राहिलो, आणि गल्लीचं वळण येईपर्यंत मानेच्या मागच्या बाजूला कुणाची तरी नजर जाणवत राहिली. राखणदाराची खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर तक्रार आली नाही. कधीच नाही. दुसऱ्या आठवड्यात मी दुकानातली शिडी परत नेऊन वर जाऊन पाहिलं. अँटेना मनोऱ्याकडे होती. रेघा अखंड. मीटर लावला तर काटा दहावर जाऊन टेकला. त्या भागात दहा येत नाही. मी माझा मीटर दुसऱ्या तीन घरांवर तपासला. मीटरमध्ये दोष नव्हता.

वहिनींनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलेलं नाही. त्या भाऊजी म्हणायच्या थांबल्या. "या," म्हणतात, "बसा," म्हणतात, औषधाची चिठ्ठी हातात देतात. मी रोज जायला लागलो. आईला कूस बदलायला दोन माणसं लागतात आणि वहिनी दोन वर्षं ते एकट्या करत होत्या, हे मला तेव्हा कळलं. घाई आहे असं मी आता म्हणत नाही. आई टीव्ही बघते. बघता बघता कधी मधेच छताकडे पाहते, मग माझ्याकडे. मी उठून तिची उशी सारखी करतो आणि पुन्हा खाली बसतो. रोज येताना पुलावर ठरवतो की आज तो एक शब्द म्हणायचा. तीनच तर अक्षरं आहेत त्यात.

महिन्याभराने पाऊस लागला. पत्र्याच्या घरात पाऊस म्हणजे काय, ते त्या घरात राहिलेल्यालाच कळेल. टीव्ही ऐकू येत नाही, बोललेलं ऐकू येत नाही, डोक्यावर कुणी खडी ओतत असल्यासारखं. आईला झोप लागेना. तिसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांना सांगितलं, ते कपाट हलवा आणि माझी खाट त्या कोपऱ्यात घ्या. मी म्हटलं, खांबाशेजारी भिंत ओल धरते, तिथे कशाला. ती म्हणाली, "तिथे शांत असतं."

वहिनींनी कपाटाची एक बाजू धरली. मी दुसरी धरली. खाट कोपऱ्यात लावली, आईला झोपवलं. बाहेर पाऊस कोसळत होता. पाच मिनिटांत तिचा डोळा लागला, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखं.

मी तिच्या उशाशी उभा राहिलो तेव्हा माझ्याही कानात फरक पडला. सगळ्या छपरावर पाऊस वाजत होता. आमच्या डोक्यावर, खांबाला लागून हात-दीड हात जागा होती, तिथे वाजत नव्हता.

त्या कोपऱ्यात छप्पर उतरतं असल्यामुळे हात पोचतो. मी आजूबाजूच्या पत्र्याला तळवा लावून पाहिला. थेंबांनी तो थरथरत होता. मग हात सरकवत त्या जागी नेला. तिथला पत्रा स्थिर होता, आणि किंचित खाली वाकलेला.